अल्गोरिदम आणि नियतिवाद : एका ग्रंथाच्या निमित्ताने

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्ताचे वाचन चालू होते. ग्रहणे, पर्जन्य, राजांचे जय-पराजय यांची भाकिते सांगून उपजीविका करणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांची एक लांबलचक यादी त्या सुत्तात येते. अशा विद्यांपासून तथागत अलिप्त राहतात, असेही तेथे सांगितले आहे. वर्गात एक संगणकाचा पदवीधर तरुण नियमाने येतो. यादी संपताच तो म्हणाला, "सर, ग्रहणाचे भाकीत तर आज मिनिटाचाही फरक न पडता खरे ठरते. उद्या संगणक माणसाचेही भविष्य असेच अचूक सांगू लागला, तर या यादीचे आपण काय करायचे?"

प्रश्न थट्टेने विचारलेला नव्हता, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखाही नव्हता. विज्ञानाशी सुसंगत असणे ही सद्धम्माची एक कसोटी आहे असे आपण मानतो. मग गणिताच्या बळावर भविष्य सांगणारे यंत्र समोर आले असता केवळ जुन्या यादीकडे बोट दाखवून भागत नाही. यंत्राचा दावा यंत्राच्याच कसोटीवर तपासला पाहिजे. त्या दृष्टीने अरविंद नारायणन आणि सयश कपूर यांचा 'एआय स्नेक ऑइल' हा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ आम्ही वाचावयास घेतला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत 'सापाचे तेल' म्हणून सर्व रोगांवरचे औषध बाटल्यांतून विकणारे फिरते विक्रेते असत. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी चौकात चादर पसरून जडीबुटी विकणारा जे करतो तेच ते. दोन्ही लेखक संगणकशास्त्रज्ञ आहेत, म्हणजे टीका बाहेरून नव्हे तर घरातूनच आलेली आहे. ग्रंथात अनेक विषय असले तरी त्याचे तिसरे प्रकरण आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नालाच वाहिलेले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः त्याच प्रकरणाचा आणि त्याला लागून येणाऱ्या भागाचा विचार करणार आहोत.

प्रथम 'अल्गोरिदम' म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. हिशेब करण्याची ठरावीक, पायरीपायरीने जाणारी रीत म्हणजे अल्गोरिदम. पंचांग मांडणारा जे गणित करतो तोही एक अल्गोरिदमच होय. २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखच्या बाजूने खग्रास सूर्यग्रहण दिसेल, असे आज निःशंकपणे सांगता येते. येथे विचारात घ्यावयाच्या वस्तू मोजक्या, त्यांच्या गतीचा नियम ज्ञात, आणि मुख्य म्हणजे चंद्राला आपल्याविषयीचे भाकीत ऐकू येत नाही. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ साली हीच कल्पना सर्व विश्वाला लावली. एखाद्या बुद्धीला या क्षणी प्रत्येक कणाचे स्थान व त्यावरील प्रेरणा ठाऊक असतील, तर तिच्या दृष्टीने भविष्य हे भूतकाळाइतकेच उघडे असेल, असे त्याचे प्रतिपादन होते.

या आशेला मोठा धक्का बसला तो हवामानाच्या अभ्यासातून. १९६१ साली अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर केलेले एक गणित पुन्हा करण्यासाठी मधलाच एक आकडा यंत्रात भरला. मूळ आकडा ०.५०६१२७ होता, त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ घेतला. हजारातील अंशाहूनही लहान अशा त्या फरकाने थोड्याच अवधीत गणितातील हवामान पूर्णतः निराळे झाले. नियम तोच, यंत्र तेच, तरी निष्कर्ष वेगळा. १९६३ साली त्यांनी हे सिद्धांतरूपाने मांडले. दैनंदिन हवामानाचे तपशीलवार भाकीत सुमारे दोन आठवड्यांपलीकडे नेता येत नाही, असा मर्यादेचा अंदाज त्यातूनच पुढे आला. येथे भौतिक नियमांत कोठेही खंड पडत नाही. कारणावाचून काही घडत नाही, तरीही पुढचे सांगता येत नाही. कार्यकारणभाव आणि पूर्वनिश्चिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाचकांना प्रतीत्यसमुत्पादाच्या अभ्यासामुळे अपरिचित नाही. परंतु ते आकड्यांत पाहण्याचा आनंद वेगळाच.

या मर्यादेच्या आत मात्र हवामानाच्या भाकिताची प्रगती थक्क करणारी आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरविणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' वादळ त्याच किनाऱ्याकडे येत असल्याची सूचना काही दिवस आधी मिळाली, लाखो लोकांना सुरक्षित जागी हलविले गेले, आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वादळ भाकितानुसारच आले. लोक मात्र १९९९ प्रमाणे मेले नाहीत. या भाकिताने माणसांच्या हाती काहीतरी करण्याची संधी दिली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता माणसाकडे वळू. ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात ज्या प्रयोगाची हकीकत येते तो आमच्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत बोलका प्रयोग आहे. १९९८ ते २००० या काळात अमेरिकेतील मोठ्या शहरांत जन्मलेल्या हजारो मुलांच्या कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. मुलाच्या जन्मवेळी, आणि नंतर त्याच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, नवव्या व पंधराव्या वर्षी माहिती गोळा केली गेली. पंधराव्या वर्षाची माहिती झाकून ठेवून संशोधकांनी जगभरच्या तज्ज्ञांना आव्हान दिले : नवव्या वर्षापर्यंतचे सर्व काही घ्या आणि पंधराव्या वर्षी काय घडले असेल ते सांगा. ४,२४२ कुटुंबे आणि प्रत्येक कुटुंबाविषयी १२,९४२ नोंदी. मुलाचे शाळेतील गुण, त्याची चिकाटी, घरातील आर्थिक ओढाताण, कुटुंबाला घराबाहेर काढले गेले काय, पालकाची नोकरी गेली काय, पालकाला कामाचे प्रशिक्षण मिळाले काय, असे सहा प्रश्न होते. १६० गटांची उत्तरे ग्राह्य ठरली, आणि त्यांत अद्ययावत यंत्रशिक्षणाच्या सर्व रीती वापरलेल्या होत्या.

२०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या मापाने तो मोजला त्यात शून्य म्हणजे सरसकट सरासरी सांगण्याहून अधिक काही नाही, आणि एक म्हणजे तंतोतंत. आर्थिक ओढाताण आणि शाळेतील गुण या दोन बाबतींत सर्वोत्तम उत्तर ०.२ च्या आसपास पोहोचले. उरलेल्या चारांत ते ०.०५ च्या जवळपास घुटमळले. याहूनही लाजिरवाणी गोष्ट अशी, की आईचा वंश, तिची वैवाहिक स्थिती, तिचे शिक्षण आणि मुलाची नवव्या वर्षीची स्थिती एवढ्या चार नोंदींवर आधारलेली साधी जुनी रीत या सर्वांच्या किंचितच मागे होती. बारा हजारांहून अधिक नोंदींनी चार नोंदींच्या ज्ञानात जवळजवळ काहीच भर घातली नाही.

याविरुद्ध वारंवार पुढे केले जाणारे उदाहरण डेन्मार्कचे आहे. तेथील संशोधकांनी सुमारे साठ लाख नागरिकांच्या शासकीय नोंदींवर एक प्रतिमान तयार केले, आणि ३५ ते ६५ वयोगटातील कोण चार वर्षांत मरण पावेल हे ते ७८ टक्के वेळा बरोबर सांगते, असे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. वृत्तपत्रांनी त्याला मृत्यूचे गणकयंत्र म्हटले. परंतु परीक्षेसाठी निवडलेल्या गटात निम्मी माणसे त्या अवधीत मरण पावलेली होती. प्रत्यक्ष समाजात त्या वयाची निम्मी माणसे चार वर्षांत मरत नाहीत. नाणे उडवून ५० टक्के मिळाले असते तेथे ७८ टक्के मिळाले. हे यश खरेच आहे, परंतु त्याचा अर्थ 'तुझा मृत्यू केव्हा हे यंत्राला ठाऊक आहे' असा होत नाही. मूळ संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही भविष्यकथनाची अशी एक परीक्षा झाली होती. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने बुद्धिमान आणि मतिमंद अशा मुलांच्या दोनशे पत्रिका जमविल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणत्या मुलाची ते सांगितले. सर्वाधिक उत्तरे बरोबर आलेल्या ज्योतिषाची संख्या चोवीस, आणि सर्वांची सरासरी विसाच्याही खाली. २००९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. ज्योतिषाला लावलेली ही कसोटी यंत्राला मात्र क्वचितच लावली जाते, हे नारायणन-कपूर यांचे म्हणणे येथे आठवते. नोकरीसाठी उमेदवार निवडणारी, कर्ज नाकारणारी, कैद्याचा जामीन ठरविणारी यंत्रे विकत घेतली जातात ती विक्रेत्याच्या शब्दावर.

जामिनाचे उदाहरण अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत 'कॉम्पास' नावाची एक गणनपद्धती आरोपी पुन्हा गुन्हा करील काय याचे गुणांकन करते. फ्लोरिडातील एका परगण्यातील सात हजारांहून अधिक आरोपींच्या नोंदी २०१६ साली 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने तपासल्या. ज्यांनी पुढे काहीच केले नाही अशांपैकी 'अधिक धोक्याचे' म्हणून शिक्का बसलेल्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४५ टक्के, तर गौरवर्णीयांत २३ टक्के निघाले. कंपनीने आपल्या बचावात न्याय्यतेचे दुसरे माप पुढे केले; आणि दोन्ही गटांतील नोंदलेल्या गुन्ह्यांचे प्रमाण वेगळे असेल तर ही दोन्ही मापे एकाच वेळी पाळता येत नाहीत, असे नंतर गणितानेच सिद्ध झाले. २०१८ मध्ये ज्युलिया ड्रेसेल व हनी फरीद यांनी दाखवून दिले, की आरोपीविषयी १३७ बाबी नोंदविणाऱ्या या पद्धतीइतकीच अचूकता केवळ वय आणि पूर्वीच्या शिक्षांची संख्या या दोन आकड्यांवरून मिळते. ती अचूकता ६५ टक्क्यांच्या आसपास. कायद्याचा गंध नसलेली सामान्य माणसेही तितकेच बरोबर सांगत होती.

आणि 'पुन्हा गुन्हा केला' हे यंत्राला कळते कसे? पुन्हा अटक झाली यावरून. म्हणजे यंत्र ज्याचे भाकीत करते तो माणसाचा स्वभाव नव्हेच. पोलिसांचा हात पुढच्या वेळी कोणाच्या खांद्यावर पडेल याचा तो अंदाज आहे. ज्या वस्तीत गस्त अधिक तेथे अटका अधिक, अटका अधिक म्हणून गुणांकन वाईट, आणि गुणांकन वाईट म्हणून पुन्हा गस्त. चंद्राला भाकीत ऐकू येत नाही असे आम्ही वर म्हटले ते याचसाठी. माणसाविषयी केलेले भाकीत स्वतःच एक कारण बनते. ओडिशाच्या किनाऱ्यावर भाकीत वादळाविषयी होते, आणि त्याने माणसाला वाट मोकळी करून दिली. येथे भाकीत माणसाविषयी आहे, आणि त्याने त्याची वाट बंद होते.

मज्झिमनिकायातील सन्दकसुत्तात आनंद अशा एका धर्मगुरूचे वर्णन करतात, जो चालता-बोलता, झोपेत नि जागेपणी आपण सर्वज्ञ असल्याचा दावा करतो. तरीही तो भिक्षेसाठी रिकाम्या घरात शिरतो, त्याला कुत्रा चावतो, पिसाळलेला हत्ती समोर येतो, आणि गावाचे नाव व रस्ता तो लोकांना विचारतो. हे कसे, असे कोणी विचारले असता त्याचे उत्तर ठरलेले : त्या घरात जाणे अटळच होते, कुत्र्याने चावणेही अटळच होते. चुकीलाच नियतीचा पुरावा बनविणारी ही युक्ती आजही जुनी झालेली नाही. यंत्राने ७० टक्के धोका सांगितला आणि काहीच घडले नाही, तर उरलेले ३० टक्के हाताशी असतातच. अर्थात पावसाच्या शक्यतेचे आकडे शेकडो दिवसांच्या नोंदींशी ताडून पाहता येतात, आणि वेधशाळा ते पाहते. म्हणून शक्यतेची भाषा मुळात अप्रामाणिक नाही. ती अप्रामाणिक होते ती एकाच माणसाच्या आयुष्यावर अखेरचा निकाल म्हणून लादली जाते तेव्हा.

आपल्या परंपरेतही भाकिते आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असित ऋषीची कथा आहे. दीपंकर बुद्धांनी सुमेधाविषयी केलेले व्याकरण आहे. परंतु सूत फेकले की गुंडी शेवटपर्यंत उलगडत जावी तसे प्रत्येकाचे आयुष्य ठरल्याप्रमाणेच उलगडते, असे सांगणारा मक्खली गोसाल हा बुद्धांच्या सर्वांत कठोर टीकेचा विषय झाला, हेही तितकेच खरे. पूर्वकर्माच्या सिद्धांतावर 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये बाबासाहेबांनी जो आघात केला, त्याचा रोखही माणसाच्या वर्तमानाला भूतकाळाची शिक्षा ठरविण्यावरच होता.

येथे ग्रंथाविषयी आमचा मतभेद नोंदवितो. लेखकांचा सारा भर अचूकतेच्या अभावावर आहे. सामाजिक भाकीत अचूक होण्यासाठी कदाचित पृथ्वीवर पुरेशी माणसेच नाहीत, आठ अब्जही कमीच, असा एक चटकदार विचार ते मांडतात. विचार मनोरंजक आहे, पण आम्हाला तो अडचणीच्या मुळाशी जाणारा वाटत नाही. माणसे शंभर अब्ज असती तरी काय झाले असते? अन्यायाची घडी घट्ट बसलेल्या समाजात भाकीत अचूक ठरविणे फार सोपे असते. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मावरूनच गुन्ह्याचे भाकीत केले. पारधी, कैकाडी, मांग गारुडी यांच्यासारख्या जमातींच्या माणसांना हजेरी लावावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. परवान्याशिवाय गाव सोडणे हाच गुन्हा, आणि पोट भरण्यासाठी गाव सोडणे भागच. अशा माणसांच्या नोंदी आजच्या यंत्रास दिल्या असत्या, तर त्याचे भाकीत ६५ नव्हे, ९५ टक्के बरोबर आले असते, यात आम्हाला शंका नाही. म्हणून ते न्याय्य ठरले असते काय? १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. भाकीत चुकते म्हणून त्याला विरोध करणाऱ्याने, ते बरोबर आले तर काय, याचे उत्तर तयार ठेवले पाहिजे. या प्रकरणात आम्हाला ते सापडले नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. आई चार वर्षांपूर्वी वारलेली, वडील निवृत्त सुभेदार, भावंडे अनेक, जात अस्पृश्य. बसण्याची जागा इतर मुलांपासून दूर. या नोंदी प्रतिमानात भरल्या असता पंधरा वर्षांनंतरचे उत्तर काय आले असते ते सांगावयास संगणक नको. यावर कोणी म्हणेल, की हजारांत एक अपवाद निघाल्याने गणित खोटे ठरत नाही. हा आक्षेप योग्य आहे, आणि तो आम्ही मान्य करतो. बाबासाहेबांच्या एकट्याच्या आयुष्यामुळे ते गणित चुकले, असे आमचे म्हणणे नाही. ते चुकले ते महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहामुळे, १९५० च्या संविधानामुळे, खेडोपाडी पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेलेल्या लक्षावधी मुलांमुळे. १९०० च्या नोंदींवर शिकलेले प्रतिमान १९१० साली बरोबर ठरले असते आणि १९६० साली हास्यास्पद. ज्यांच्याविषयी भाकीत करायचे त्यांनी एकत्र येऊन रकान्यांचे अर्थच बदलून टाकले. बारा हजार नोंदींत ही नोंद कोठे करणार, हा प्रश्न नारायणन-कपूर यांनी विचारला असता तर त्यांचे प्रकरण अधिक सखोल झाले असते.

तरीही ग्रंथ वाचनीय आहे. भाषा सोपी, उदाहरणे ताजी, आणि कोठेही यंत्राविषयीचा भयगंड नाही. चाटबॉटसारख्या मजकूर रचणाऱ्या यंत्रांचा उपयोग लेखक मोकळेपणाने मान्य करतात, भाकीत करणाऱ्या यंत्रांना त्यांच्यापासून वेगळे काढतात, आणि हा विवेक आजच्या गोंगाटात दुर्मिळ आहे. दरम्यान कायदाही थोडा हलला आहे. केवळ माणसाच्या व्यक्तिचित्रणावरून तो गुन्हा करील असे वर्तविण्यास युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने मनाई केली असून ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली आहे.

हे सारे आम्ही वर्गात मांडले तेव्हा आमचा तरुण मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने आपल्या थोरल्या भावाची हकीकत सांगितली. रिक्षासाठी केलेला कर्जाचा अर्ज 'गुण कमी' एवढ्याच दोन शब्दांनी परत आला. कोणते गुण, कशाचे, हे खिडकीवरच्या माणसालाही सांगता येईना. पतमाहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने प्रत्येकाला आहे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच दुपारी विहाराच्या ओसरीवर बसून दोघा भावांनी अर्ज लिहिला, आणि अर्ज नाकारण्याचे कारण लेखी द्यावे अशी मागणी करणारे दुसरे पत्रही तयार केले. अहवाल आला आहे. त्यात एका जुन्या, फेडलेल्या कर्जाची नोंद अजून थकीत म्हणून दिसते. पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.